यादीतली तिसरी यमुना

दौलतरावानं दायीमायला फसवलं. मतदानाच्या दिवशी, भर दुपारी, बाळंतपणाचा खोटा निरोप पाठवून फसवलं. मी तिथंच बाकावर बसलो होतो. मी बैलांचा व्यापारी आहे. एका लंगड्या गोऱ्ह्यापासून सुरुवात केली आणि आज वरवट बकालपासून खामगावपर्यंतच्या बाजारांत रुमालाखाली बोटांनी भाव ठरवताना माझा हात धरायला लोक थांबतात. म्हातारा बैल तरुण म्हणून माझ्या गळ्यात बांधणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण त्या दिवशी माझ्या नाकासमोर एक चोरी झाली आणि मी ती यादीत खूण करून पुढं जाऊ दिली.

ही चोरी कोणाची झाली ते कळायचं तर आधी दायीमाय कळली पाहिजे.

दायीमाय आमच्या गावची सुईण. गावातल्या कोणालाही ती नावानं हाक मारत नाही. तो जन्माला कसा आला, तेच त्याचं नाव. पोलीस पाटील एवढा मिशावाला माणूस, पण दायीमायच्या लेखी तो 'नाळगुंड्या', कारण येताना गळ्यात नाळ गुंडाळून आला होता. सरपंच 'सातमाश्या'. किराणा दुकानाचा शेठ 'निळ्या'. मी पायाकडून जन्मलो, म्हणून मी 'पायाळू'. वीज चमकली की भर चौकात ती ओरडते, "पायाळू, घरात जाय बे. तुह्याच डोस्क्यावर पडन थे." माझ्या गिऱ्हाइकांपुढं ओरडते.

शाळेचे मास्तर बाहेरगावचे. त्यांच्याकडं ती संशयानंच बघते. "ह्याले म्या नाही काढलं," असं म्हणते, आणि मास्तरांच्या साऱ्या शिक्षणावर पाणी पडतं.

कोणी तिच्यासमोर मोठेपणा करू लागला तर तिचं एक वाक्य ठरलेलं आहे. "तुले आंधी म्या पायलं, तुह्या मायनं मंग." 

एकदा सोनाळ्याच्या बाजारात मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. माझा आवाज जरा चढलेला असतो. तो माणूस बैलाच्या शेपटीत खोट काढत होता आणि मी त्याच्या सात पिढ्यांत. तेवढ्यात दायीमाय मागून आली, माझ्याकडं बोट दाखवून त्या माणसाला म्हणाली, "बावा, मनावर नको घेऊ. हा पैदा झाला तवा रडलाच नोयता. उलटा धरून दोन चापटा देल्ल्या तवा तोंड उघडलं. तवाची कसर आता काढून राह्यला." तो माणूस असा हसला की शेपटीची खोट विसरला. सौदा झाला. मी मात्र दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिचं घर गावाच्या टोकाला आहे. ज्या घरांत एरवी तिला ओसरीच्या वर येऊ देत नसत, त्याच घरांच्या अगदी आतल्या खोलीत ती वेळेला गेलेली आहे. बाळ झालं की पुन्हा ओसरीखाली. याचा राग तिनं धरलेला मी पाहिला नाही. मी असतो तर पेटवून दिलं असतं. ती फक्त म्हणते, "पोट्ट्याले कोठं समजते कोनाचे हात हायेत ते. थे बोट घट्ट धरते."

कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा, मी रांगत होतो तेव्हा, रेल्वेच्या कामावर बऱ्हाणपूरकडं गेला तो परत आला नाही. म्हातारी माणसं त्याला 'लंबू' म्हणत एवढंच मला ठाऊक. ती म्हातारी माणसंही आता गेली.

आता मतदानाचं सांगतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्याआधीच्या एका मतदानाला आमच्या गावच्या पन्नास-साठ बाया मत न टाकता परत आल्या होत्या. आतला साहेब विचारी, नवऱ्याचं नाव काय. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. साहेब विचारतो आहे, बाई पदर चावते आहे, मागची रांग उन्हात उभी. शेवटी साहेब म्हणे, बाजूला व्हा. बाई बाजूला होई आणि घरी जाई.

हे दायीमायनं पाहिलं. ती रांग सोडून सरळ आत गेली आणि दाराशी उभी राहिली. पुढची बाई आली की हीच ओरडायची, "हे सुभद्रा. इचा नवरा पुंजाजी. दोन पोरं, एक पोरगी, पोरगी व्हताना लय जड गेली." साहेबाला पोरीची गरज नव्हती, पण नवरा मिळाला. तासाभरात रांग हलली. पुढच्या खेपेला तहसिलातून हुकूमच आला की बायांची ओळख पटवायला हिला दाराशी बसवावं. तिला एक स्टूल मिळालं. त्या स्टुलावर ती सातमाश्या सरपंचापेक्षा ऐटीत बसे.

तिची ओळखायची रीतही निराळी. चेहरा ती पाहतच नसे. तोंडावर पदर असला तरी तिला फरक पडत नव्हता. ती टाचा पाहायची, मनगट पाहायची, चालताना बाई कोणत्या कुशीवर भार देते ते पाहायची. मी बैलाची चाल पाहून खूर सांगतो, ती बाईची चाल पाहून नाव सांगे. एकदा दौलतरावाच्या माणसांनी पाठवलेली एक बाई सीता म्हणून आली. दायीमाय स्टुलावरून उठली नाही. "हे सीता नोय. सीताले म्याच न्हाऊ घातलं अन् म्याच लाकडावर निजवलं. तू कोन व बाई? भूक लागली असन तं बस, भाकर देतो." बाई पळाली.

तालुक्याच्या सभेत एक वकील म्हणाले होते, मतदाराला फोटो चिकटवलेलं कार्ड द्यावं, म्हणजे लबाडी होणार नाही. आमच्या गावात तेव्हा फोटो दोघांचाच होता. एक दौलतरावाचा आणि दुसरा दौलतरावाच्या बापाचा, तोही मेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. कार्ड मागितलं असतं तर आमच्या गावात मतदान दोघांनी केलं असतं, त्यातला एक मेलेला. बाकीच्यांचं कार्ड म्हणजे दायीमाय. आणि हे दौलतराव माझ्याइतकंच जाणून होता.

दौलतराव म्हणजे गावचा मोठा जमीनवाला. माझं नाव त्याला माहीत आहे, पण मला तो "ए दलाल" अशीच हाक मारतो. म्हणून त्या विधानसभेच्या मतदानाला मी त्याच्या माणसाविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवाराचा पोलिंग एजंट झालो. आठ दिवस आधी मी घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. सगळ्या वाटल्या, एक उरली. यमुना, नवरा किसन. चार आळ्या फिरलो. अशी बाई कोणाला माहीत नाही. माझं डोकं तापलं. पानठेल्यावर आठ-दहा माणसांत मी ती चिठ्ठी आपटली आणि म्हणालो, "हे याद्या करतेत का खेळ करतेत? अशी कोनी यमुना गावात नाहीच." दौलतरावाचा गडी तिथं पान खात होता.

मतदानाच्या सकाळी दायीमाय नवं लुगडं नेसून स्टुलावर बसली. मी म्हणालो, "माय, आधी तुझं मत टाकून घे."

"मी सगळ्यायच्या मांगून. घरची बाई आंधी जेवते काय रे?" आधीच्या खेपांनाही ती अशीच मागं राहिली होती आणि तिची पाळी यायच्या आत पेटी बंद झाली होती.

दुपारपर्यंत काम झकास चाललं. एक नवी सून आली, गोदावरी. लाजून अर्धी झालेली. दायीमायनं तिच्या नवऱ्याचं नाव एवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर झाडाखाली बसलेला नवरा 'ओ' म्हणाला.

मग दौलतरावाचा तोच गडी धापा टाकत आला. "माय, चाल लवकर. मळ्यातल्या सालदाराची बायको अडली. पाय बाहीर आले म्हनते." मळा दीड कोसावर.

मतदान केंद्राचे साहेब खामगावकडचे एक मास्तर होते, सज्जन माणूस. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कामावर आहात. असं मधेच जाता येणार नाही."

दायीमाय तोवर दारात पोचली होती. "सायेब, तुमची पेटी पाच वाजेपर्यंत थांबते. लेकरू थांबत नाही."

ती गेली आणि अर्ध्या तासात एक बैलगाडी आली. गाडीत दहा-बारा बाया, सगळ्यांच्या तोंडावर पदर, सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या. दौलतराव स्वतः दाराशी येऊन उभा राहिला. स्टूल रिकामं होतं. दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर हरकत घेता येत असे. मी दोघींवर घेतली. साहेबांनी रांगेतल्या बायांना विचारलं, यांना ओळखता का. बायांनी दौलतरावाकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. हरकत फेटाळली. पुढची बाई आली. साहेबांच्या मदतनिसानं वाचलं, "यमुना, नवरा किसन." मला पानठेला आठवला. मी अर्धा उठलो. दौलतराव म्हणाला, "ए दलाल, हा बैलाचा बजार नोय. आपल्या बायायचे दात पायतं काय आता?" लोक हसले. मी बसलो. म्हटलं, असेल कोणी, जिचं घर मला सापडलं नाही. तिनं शिक्का मारला, पेटीत टाकलं, गाडीत बसली. मी माझ्या यादीत खूण केली.

चारच्या सुमारास दायीमाय परत आली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.

"काय झालं माय? पोरगा का पोरगी?"

"काहीच नाही झालं. तिले पाचवा महिना. थे तूर झोडून राह्यली होती. मले पाहून तिनंच पानी देल्लं."

मी काय ते समजलो. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "बरंच झालं ना बे. पाय बाहीर आले म्हनल्यावर सारा रस्ता म्या पयतच काढला. कोनी अडलं नोयतं, हे बरं झालं." आणि ती पदरानं पाय पुसून रांगेच्या शेवटी उभी राहिली.

तिची पाळी आली तेव्हा मत टाकून झालेल्या पंधरा-वीस बाया दाराशी रेंगाळत होत्या. दायीमाय मत कशी टाकते ते त्यांना पाहायचं होतं.

साहेबांनी हसून विचारलं, "नाव?"

"यमुना."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. गावात कोणालाच हे नाव ठाऊक नव्हतं. ज्या बाईनं मला माझ्या आईच्या आधी पाहिलं, तिला मी बत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, माय, तुझं नाव काय.

"यादीत यमुना तिघी आहेत," साहेब म्हणाले. "नवऱ्याचं नाव सांगा."

दायीमायनं पदर दातांत धरला.

"अवो सायेब, हे दायीमाय हाये," बाया म्हणाल्या. "सकायपासून तुमच्याच दाराशी हाये."

"ते मलाही दिसतंय. पण दायीमाय नावाची मतदार यादीत नाही. हिच्या नवऱ्याचं नाव कोणाला माहीत आहे का?"

कोणालाच नव्हतं. सकाळपासून तिनं तीनशे बायांचे नवरे सांगितले होते. तिचा सांगायला कोणी नव्हतं.

मला मात्र आता कळलं होतं. तिघींपैकी दोघींचे नवरे मला माहीत होते. राहिला किसन. मी तेव्हा बोललो असतो तर पुढचं टळलं असतं. पण बोललो असतो तर दुपारी तिचं मत माझ्यासमोर गेलं, हेही सांगावं लागलं असतं. मी यादीत मान घालून बसलो.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही."

"सायेब," ती म्हणाली, आणि तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, "इतक्या वर्सात घेतलं नाही. आता माह्या तोंडातून गेलं अन् तिकडं त्याले काही झालं तं?"

म्हणजे ती त्याला जिवंत धरून चालली होती. रुपयाएवढं कुंकू ती रोज सकाळी विचार करून लावत होती.

मागून गोदावरी, ती नवी सून, पुढं झाली. सकाळची लाज कुठं गेली कोण जाणे. "माय, उखान्यात घे. उखान्यात घेतलं तं चालते. लग्नात नाही काय घेत?"

दायीमायनं तिच्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हात पोटाशी धरले आणि नव्या नवरीसारखी खाली पाहून म्हणाली,

"तीस वर्सं सांजीले दिवा लावते दारात,
किसनरावाचं नाव घेते सरकारच्या दरबारात."

एरवी उखाण्यावर बाया हसतात, नवरीला कोपरखळ्या मारतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. गोदावरीनं तिचा हात धरला होता. दायीमायचे कान लाल झाले होते, साठीच्या बाईचे.

साहेबांनी बोट यादीवरून खाली नेलं. बोट थांबलं. त्या नावाखाली रेघ मारलेली होती. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दाराकडं पाहिलं. दौलतराव घरी निघून गेला होता.

साहेबांनी नियमाप्रमाणं केलं. तिला वेगळी मतपत्रिका दिली. तिनं पडद्याआड जाऊन शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीकडं निघाली. साहेब म्हणाले, "तिकडं नाही बाई. हे या लिफाफ्यात ठेवायचं."

"काऊन?"

"तुमच्या नावावर आधीच एक मत पडलंय. आता हे वेगळं ठेवायचं. कोर्टानं मागितलं तरच उघडायचं."

"मोजतीन ना मंग?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

तिनं ती घडी थोडा वेळ हातात धरली, मग दोन्ही हातांनी लिफाफ्यात ठेवली. "समजलं," ती म्हणाली. "पूर्न दिस भरले, पन लेकरू रडलं नाही." सुईणीच्या बोलीत याचा अर्थ काय होतो ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

मी आमच्या उमेदवाराकडं गेलो, कोर्टात जाऊ म्हणालो. तो निवडून आला होता. त्याच्या गळ्यात हार होते. तो म्हणाला, "आता एका मताचं काय घेऊन बसता?" त्या दिवसापासून मी त्याच्या ओट्यावर चढलो नाही.

चार महिन्यांनी दौलतरावाच्या सुनेला खरोखरच कळा लागल्या. तोच गडी बोलवायला आला. मी रस्त्यात आडवा झालो. "माय, तू नको जाऊ. त्यायनं तुले कसं नागवलं, इसरली काय?"

तिनं मला हातानं बाजूला केलं. "सरक बे पायाळू. लेकरू कोनत्या पक्षाचं असते?" नातू झाला. चार किलोचा. त्याला ती 'ढोल्या' म्हणते. दौलतरावानं पेढे वाटले. दायीमायला ओसरीखाली दिले.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं. मत गेलं ते गेलं, पुढच्या खेपेला तिची चिठ्ठी मी स्वतः तिच्या हातात देईन आणि सगळ्यांत आधी तिला पेटीपाशी नेईन. ती नाही म्हणाली तरी नेईन. पण दुसरं एक आहे.

मतदानानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी ती माझ्या दाराशी आली. मी बैल सोडत होतो. म्हणाली, "तू तिकडं जातं ना, बजाराले? बऱ्हानपूरकडचे लोक येतेत ना तेथं?"

"येतेत. काऊन?"

"इचारजो सहज. किसन नावाचा लंबा मानूस, रेल्वेत होता. बरा हाये काय म्हनून. म्या नाव घेतलं ना त्या दिशी." मग म्हणाली, "उखान्यात घेतलं म्हना. पन मत तं झालंच नाही. मंग थो उखाना चालते काय, नाही चालत? तुले काय वाटते?"

मला कोणत्याही प्रश्नाला उत्तर देता येतं. त्या प्रश्नावर मी फक्त 'इचारतो माय' म्हणालो आणि बैल हाकले.

तेव्हापासून दर बाजाराला ती येते. कामातून उठून येते. मी परतायची वाट पाहत वेशीवर बसलेली असते. पहिल्यांदा मी खरंच विचारलं. दाढीवाल्या बैलवाल्यांना, गाडीवानांना, रेल्वेत हमाली केलेल्या एका म्हाताऱ्याला. कोणाला काही माहीत नाही. तीस वर्षांत तिथं किती किसन आले आणि गेले. मग मी परत येऊन सांगितलं, "भेटला व माय एक जन. बरा हाये म्हनते. खोकला हाये थोडा."

खोकल्यावर तिचा विश्वास बसला. "त्याले पयलेपासूनच होता," म्हणाली आणि घरी गेली. संध्याकाळी तिच्या दारात दिवा होता.

आता दर आठवड्याला मी त्या माणसाची खुशाली घेऊन येतो. कधी खोकला कमी होतो, कधी वाढतो. बाजारात मी वाट्टेल ते बोलतो, माझा धंदाच तो आहे. पण वेशीवर ती दिसली की बैलांचे कासरे मागच्या माणसाच्या हातात देऊन मी आधी काय बोलायचं ते ठरवत येतो.

पानठेल्यावर मी बडबडलो, दुपारी दोन हसण्यांना भिऊन खाली बसलो, आणि संध्याकाळी तोंड उघडायचं तेव्हा उघडलं नाही. माझ्या वाट्याचा जबाब हा, मी लिहून दिला आहे, खाली अंगठा नाही, सही आहे. दौलतराव, आता तुमचा द्या. तिचं एक मत तुम्ही नेलंत, ते मी सोडून देतो. तीस वर्षं सांभाळलेलं एक नाव तुम्ही तिच्या तोंडून काढवलंत आणि लिफाफ्यात टाकायला लावलंत. ती येत्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, वेशीवर बसलेली असेल. या वेळी तुम्ही या आणि किसन कसा आहे ते तुम्ही सांगा.